सोयरीक आणि शिवलेलं पोट

"माझं पोट उसवलं! कोनं शिवलं होतं त्याले बलावा इथी!"

ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये तुळशीरामभाऊ ओरडत होते. आवाज असा, की तिकडे ताडोब्यात झोपलेल्या वाघानं कूस बदलली असेल. शर्टाची खालची दोन बटणं उघडी आणि पोट दोन्ही हातांनी उचलून धरलेलं, दुकानात परत करायला आणलेल्या मालासारखं. शेजारी स्टुलावर त्यांची बायको शशिकलाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिला या ओरडण्याचं काही नव्हतं. ती भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होती.

मी तिथली आहारतज्ज्ञ. चंद्रपुरात सव्वीस वर्षं लोकांना कमी खा म्हणून सांगितलं आणि स्वतः ब्याऐंशी किलोची राहिले. पेशंट आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या लिहून दिलेल्या कागदाकडे बघतात, आणि कागदावर जास्त विश्वास ठेवतात.

तुळशीरामभाऊ सावली तालुक्यातले. घरी धानाची शेती, पण माणसाचं खरं काम सोयरिकी जुळवायचं. दलाली घ्यायची नाही, फक्त लग्नात मानाचा दुपट्टा घ्यायचा. वैनगंगेच्या दोन्ही अंगाला त्यांनी इतकी लग्नं जमवलीत, की नदीचे दोन काठसुद्धा त्यांनीच एकमेकांना दाखवले असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. पण खोटंही म्हणणार नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचं वजन एकशे बेचाळीस होतं. त्यांना आम्ही मालधक्क्यावरच्या काट्यावर मोजलं असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ओपीडीतल्याच काट्यावर मोजलं, पण काटा पुढे महिनाभर आजारपणाच्या रजेवर होता. त्यांचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. स्लीव्ह म्हणजे काय, तर पोटाची पिशवी उभी कापतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. चार घास गेले की नळी भरते आणि माणूस ताटावरून उठतो. वर्षभरात भाऊ एक्याण्णव किलोवर आले. शुगरची गोळी सुटली. लोकांना वाटलं, हे तुळशीरामचे धाकटे भाऊ. मग त्यांनी फॉलोअपला येणं बंद केलं. बरा झालेला पेशंट दवाखान्याची वाट विसरतो, त्यात नवल नाही.

आता काटा एकशे एकवीस दाखवत होता. शुगर परत आली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम दोन महिने सुकत नव्हती. ओरडण्याचं खरं कारण पोट नव्हतं, तो अंगठा होता. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय असाच अंगठ्यापासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत गेला होता.

नागपूरहून महिन्यातून दोनदा येणारे आमचे सर्जन आत बसले होते. शब्द मोजून बोलणारा माणूस. मी बोलायला लागले की ते पेनाचं टोपण लावून ठेवतात. त्यांनी भाऊंना पांढरं बेरियम पाजून एक्स-रे काढला. बेरियम फोटोत दिसतं, त्यामुळे पोटाचा आकार कळतो. नळी केळ्याएवढीच होती. कुठे फुगली नव्हती, उसवली तर मुळीच नव्हती.

"पोट ठीक आहे," सर म्हणाले. "मग खातात काय?"

भाऊंनी शपथ घेतली, की दोन घासांच्या वर तोंडात जात नाही. शशिकलाबाईंनी मान डोलावली.

सर म्हणाले, दोनच रस्ते. एक तर कारण सापडायला हवं, नाही तर दुसरं ऑपरेशन. त्याला रिव्हिजन म्हणतात. एकदा शिवलेल्या जागी पुन्हा हात घालायचा. पहिल्यापेक्षा धोका जास्त, त्यात शुगर आणि ती जखम. भाऊ तर तयारच होते. उद्या करा म्हणाले. मी सरांकडे तीन आठवडे मागितले.

"दोन देतो," सर म्हणाले आणि टोपण काढलं.

पहिलं काम म्हणजे फूड डायरी. जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं. आठवड्यानं वही आली. अक्षर मोत्यासारखं. सकाळी पातळ पेज. दुपारी दालचं पाणी. सांजच्याला पुन्हा पातळ. पानामागून पान तेच. मी बेरीज केली, तर या हिशोबानं माणूस हवेत तरंगायला हवा होता. वही खोटी वाटत नव्हती. माणूसही खोटा वाटत नव्हता. पण केस विरळ झालेले, नखं चमच्यासारखी वाकलेली. वजन वाढतंय आणि शरीर उपाशी आहे, असं काहीतरी विचित्र दिसत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, एक दिवस मी तुमच्यासोबत फिरते."

"फिरा ना मॅडम. पन मी कामावर राह्यतो."

"कामावरच फिरते."

मार्चचा महिना होता. सावलीच्या स्टँडवर उतरले, तर भाऊ मोटरसायकल घेऊन हजर. ते एकशे एकवीस, मी ब्याऐंशी. गाडीनं आम्हाला पाहिलं आणि तिच्या टायरांनी एकमेकांचा निरोप घेतला. तरी ती निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांत उरलेली पिवळी खुंटं. मध्येच एखादी बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. ऊन पडून डोळे मिटल्यासारखं तिचं पाणी. पळस पेटलेले. मोहाच्या झाडाखाली बाया टोपली घेऊन वाकलेल्या. त्या फुलांचा वास असा गोड आणि जड, की नाकातून शिरून थेट डोळ्यांच्या मागे जाऊन बसतो. मला वाटलं आपण मोटरसायकलवर नाही, कुणाच्या तरी दुपारच्या झोपेतून चाललोय आणि तो माणूस उठेपर्यंत हा रस्ता संपणार नाही.

पहिलं घर आलं, मुलीकडचं. अंगणात खाट टाकली. भाऊंनी माझी ओळख करून दिली, "ह्या मुलाकडच्या, पोराच्या मोठ्या आत्या." आहारतज्ज्ञाला मुलीकडच्यांनी कशाला बसवून घ्यावं? आत्या झाले.

आधी गुळाचा खडा आणि पाणी. मग चहा. त्या चहात साखर इतकी, की चमचा सोडून दिला तरी उभा राहिला आणि त्यानं नमस्कार केला. मग शेवयाची खीर. खीर पातळ होती, पेल्यातून प्यायची. भाऊंनी एका दमात पेला रिकामा केला आणि उलटा करून दाखवला. मुलीच्या आईचा चेहरा उजळला.

दुसऱ्या घरी चहा आणि लिंबाचं सरबत. तिसऱ्या घरी उसाचा रस. चौथ्या घरी पुन्हा खीर, तांदळाची, वर तूप. मी आत्या असल्यामुळे मलाही सगळं घ्यावं लागत होतं. चौथ्या घरानंतर मला घरं वेगळी ओळखू येईनात. तेच सारवलेलं अंगण, तीच खाट, दाराच्या चौकटीत अर्धी दिसणारी तीच मुलगी, तोच पेला. लिंबाच्या झाडावर होला घुमत होता आणि तोच होला आमच्या आधी पुढच्या गावाला पोचून तिथेही घुमत होता. साखरेचं एक मऊ धुकं माझ्या डोक्यात उतरलं. या धुक्यात माणूस कुणाशीही सोयरीक करेल असं मला वाटलं. मुलीचा बाप म्हणाला, "आत्याबाई, तुमचं मत काय?" मी म्हटलं, "सोन्यासारखी आहे." मुलगी मी पाहिलीसुद्धा नव्हती.

बोडीच्या काठावर गाडी थांबवून मी तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे शुद्धीवर आले.

"भाऊ, हे सगळं वहीत का नाही लिहिलं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही.

"हे कुठी खाल्लं मी? हे तर काम होय. वहीत तुम्ही माझं खानं लिव्हाले सांगलं होतं."

आणि ते मनापासून म्हणत होते. घरी जे पोटासाठी घेतो ते खाणं. लोकांच्या घरी जे मानासाठी घेतो ते खाणं नव्हे. सव्वीस वर्षांत हा कप्पा मला माहीत नव्हता.

आता लोकांना सांगते, यात पोटाची काय भानगड. केळ्याएवढ्या नळीत भाकरीचा घास गेला की थांबतो, नळी भरते, मेंदूला निरोप जातो, की बस. पातळ पदार्थ थांबत नाही. वरून ओतला की खालून निघून जातो. निरोप कुणी देतच नाही. त्यामुळे माणूस दिवसाला दहा पेले पिऊनही उपाशीच राहतो, आणि साखर मात्र अंगाला लागते. सर्जननं दार लहान केलं होतं. भाऊ खिडकीतून आत येत होते.

मी म्हटलं, पुढच्या घरी फक्त पाणी घ्यायचं. ते बरं म्हणाले.

पाचव्या घरी सरबत आलं. भाऊंनी हात जोडले. "आज नको."

अंगणातला आवाज एकदम गेला. आत जातं सुरू होतं, ते थांबलं. चौकटीतली मुलगी मागे सरकली. तिच्या आईनं पदर तोंडाशी नेला. बाप म्हातारा होता, त्यानं माझ्याकडे, म्हणजे मुलाच्या आत्याकडे, पाहिलं आणि मग भाऊंकडे.

"आमच्यात काई कमी दिसलं का भाऊ?"

मध्यस्थानं पेला परत केला म्हणजे सोयरीक परत केली. अर्धा ठेवला म्हणजे मन अर्धं. हा त्या भागातला कायदा, आणि तो मोडायला गेलेली मी एकटी. भाऊंनी माझ्याकडे न बघता पेला उचलला आणि प्यायले. उलटा करून दाखवला. जातं परत सुरू झालं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मॅडम, त्या पोरीले दोन ठिकानांहून नकार आला हाय. माह्या पोटापायी तिसरा नाई देनार मी. तुम्ही माहं पोट कापा."

मी पुन्हा गाडीवर बसले.

दुपार कलताना त्यांच्या घरी पोचलो. शशिकलाबाईंनी पाणी दिलं, साधं. मी खाटेवर टेकले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. देवांच्या फोटोंच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, सोनेरी काठाची एक फ्रेम. तिला झेंडूचा हार. आत एक कागद.

अक्षर माझं होतं.

"ऑपरेशननंतरचा आहार," असं वर, खाली दोन रेघा. मग डाळीचं पाणी, ताक, दूध, नारळपाणी, पातळ पेज, गाळलेलं सूप. "घट्ट काही नको," याला चौकोन. डिस्चार्जच्या दिवशी मीच लिहून दिलेला कागद. भाऊंनी घरी येता येता सावलीच्या बाजारात फ्रेम करून घेतला होता. या कागदानं आपल्याला नवा जन्म दिला, म्हणाले. रोज सकाळी त्याला अगरबत्ती लागत होती.

"ती फ्रेम काढा," मी म्हटलं.

भाऊंनी फ्रेम उतरवली. मी मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला आणि कागद उलटा केला. मागच्या बाजूलाही माझं अक्षर होतं. "वरील आहार फक्त पहिले दोन आठवडे. नंतर मऊ अन्न. दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं घट्ट अन्न, आधी डाळ-अंडी-मासे, सावकाश चावून." आणि शेवटी, "गोड पेय कायमचं बंद."

जागा पुरली नाही म्हणून मी मागे लिहिलं होतं. ती बाजू चार वर्षं भिंतीला तोंड करून बसली होती.

मला आठवलं, त्या पहिल्या वर्षात ते फॉलोअपला यायचे, तेव्हा मी विचारायची, खाणं कसं चाललंय? ते म्हणायचे, तुमच्या कागदापरमानं. मी खूष व्हायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. वजन उतरत होतं. उतरत्या वजनाला कुणी प्रश्न विचारत नाही.

"घट्ट कधी खाऊनच पाहिलं नाही?" मी विचारलं.

शशिकलाबाईंनी सांगितलं. पाहिलं होतं एकदा. ऑपरेशनला दीडेक महिना झाला असेल. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, सोयऱ्यांनी आग्रह करून ताटात वडा घातला. भाऊंनी नेहमीच्या सवयीनं दोन घासांत गिळला. तो नळीत अडकला आणि सगळं पोराच्या मामाच्या पांढऱ्या धोतरावर आलं. घरी येऊन भाऊंनी फ्रेम वाचली. तिच्यात वडा नव्हता. भाकरी नव्हती. दाताला लागणारं काहीच नव्हतं. कागद खरा निघाला. त्यानंतर त्यांनी काही चावलंच नाही.

मी शशिकलाबाईंना एक अंडं उकडायला सांगितलं.

अंडं आलं. मी अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे तुकडे केले. भाऊंनी हात मागे घेतला. वर्षानुवर्षं एवढ्या मुलींची भीती घालवणारा माणूस त्या तुकड्याकडे असा बघत होता, की तो उठून चावेल.

"पंचवीस वेळा चावायचं," मी म्हटलं. "मी मोजते."

ते चावू लागले. ऊन अंगणातून सरकत सरकत ओट्यावर आलं होतं. धानाच्या कोठीशेजारी मांजर झोपली होती. मी मोजत होते आणि शशिकलाबाईंचे ओठ माझ्यासोबत हलत होते. अठरा, एकोणीस. खूप लांबून मोहाचा वास येत होता. पंचवीसला त्यांनी गिळलं आणि डोळे मिटून बसले. आम्हीही बसलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. जगात तेवढ्या वेळात एक-दोन राज्यं बदलली असतील.

काही झालं नाही.

भाऊंनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. अर्ध्या अंड्यावर थांबले आणि पोटावर हात ठेवला.

"भरलं," ते म्हणाले. चेहरा असा, की हरवलेलं कुणी दारात उभं आहे. "मॅडम, हे भरलं म्हंतेत ना, ते असं राह्यते. मी विसरलोच होतो."

घरचं जमलं, पण बाहेरच्या पेल्यांचं काय? त्यावर तोड शशिकलाबाईंनी काढली, मी नाही. मी माझी म्हणून सांगितली असती, पण हे लेखन त्यांच्या हाती पडण्याची शक्यता आहे. त्या म्हणाल्या, मुलीच्या घरच्यांना रिकामा पेला नाही पाहिजे, आपल्या घरचं काहीतरी यांच्या पोटात गेलेलं पाहिजे. मग प्यायचंच कशाला? मूठभर फुटाणे मागा.

भाऊ दुसऱ्या दिवसापासून दारातच म्हणू लागले, "मले फुटाने द्या बापा, फुटान्याबिगर माहं डोस्कं नाई चालत." चणे-फुटाणे कुणाच्याही घरी असतात. चार दाणे तोंडात टाकायचे आणि चावत बसायचे. पंचवीस वेळा. तोवर बोलायचं नाही. समोरच्यांना वाटायचं, भाऊ फार खोल विचार करतायत. त्या शांततेत घरचे लोक आपणहून खरं सांगून टाकायचे. पोरीचं वय, पोराची नोकरी, चुलत्याशी असलेलं भांडण, सगळं. दोन-तीन घरांत नळी भरायची. मग पुढच्या घरी ते चारऐवजी दोनच दाणे घेत आणि कुणाचं मन मोडत नसे. पाचव्या घरच्या त्या मुलीचं लग्न उन्हाळ्यातच झालं. मला आत्या म्हणून पत्रिका आली होती. मुलाकडच्यांनी मला ओळखलं नाही, पण जेवू घातलं.

मी सरांना फोन करून रिव्हिजन पुढे ढकलायला लावली. सहा महिने द्या म्हटलं. ते "बरं" म्हणाले.

हे असं सरळ झालं नाही, तेही सांगते. मेमध्ये एका लग्नात भाऊ चार पेले रस प्यायले आणि आठवडाभर मला फोन केला नाही. श्रावणात एकदा भाजी घाईत गिळून उलटी झाली आणि पुन्हा पातळावर जातो म्हणाले. मी शशिकलाबाईंना फोनवर मोजायला लावलं. काटा हळू उतरला. सहा महिन्यांनी एकशे चार. एक्याण्णव परत आलं नाही आणि येईलच असं मी कुणाला सांगत नाही. पण शुगरची गोळी अर्धी झाली आणि अंगठ्याची जखम पावसाळ्याच्या शेवटी सुकली. पाय शाबूत राहिला.

माझ्यापुरता धडा एवढाच, की आहाराचा कागद मी आता एकाच बाजूनं लिहिते, आणि मजकुराच्या आधी तारीख टाकते, कधीपासून कधीपर्यंत. खाल्लं काय, हे विचारून झालं की लोकांकडे काय प्यायलं, हे वेगळं विचारते. आमच्या सगळ्या शास्त्रात मी सव्वीस वर्षांत घातलेली भर ही.

सहा महिन्यांच्या तपासणीला मी सर्जन सरांसमोर सगळी कथा मांडली. टायरांपासून सुरू केली. चमच्याचा नमस्कार सांगितला, होला सांगितला, फ्रेम सांगितली, मामाचं धोतर दोनदा सांगितलं. सरांनी टोपण लावून ऐकून घेतलं. मग रिपोर्ट बघितले, काट्याचा आकडा बघितला आणि खुर्ची भाऊंकडे वळवली.

"तुळशीरामजी, ऑपरेशनशिवाय सतरा किलो. काय केलं नेमकं?"

भाऊ हसले.

"काई नाई सर. जेवाले लागलो."